विश्लेषण : नायजेरियात ऑनलाइन बाजार उभा राहिला, पण तो टिकवला कोणी?

‘तुम्हाला वारसाहक्काने कोट्यवधी डॉलर मिळणार आहेत,’ असा ईमेल आपल्यापैकी अनेकांना कधी ना कधी आला असेल. अशा ईमेलमुळे नायजेरिया जगभर बदनाम झाला. पण या बदनामीची सर्वाधिक किंमत मोजली ती तिथल्याच सामान्य माणसाने. परदेशी संकेतस्थळे नायजेरियन कार्ड नाकारत. ‘पेपाल’ने या देशात पाऊल ठेवले ते थेट २०१४ मध्ये, आणि तेव्हाही नायजेरियनांना पैसे पाठवण्याची मुभा होती, स्वीकारण्याची नव्हती. ज्या देशावर जग विश्वास ठेवायला तयार नव्हते, जिथे ग्राहक आणि दुकानदार यांचाही एकमेकांवर भरवसा नव्हता, तिथे न पाहिलेल्या वस्तूचे पैसे न पाहिलेल्या माणसाला देण्याची सवय कशी लागली? त्यातून कोणाचे भले झाले? आणि बिल कोणाच्या नावावर फाटले?

सुरुवात कधी आणि कशी झाली?

नायजेरियात मोबाइल सेवा खऱ्या अर्थाने २००१ मध्ये सुरू झाली. पुढच्या दहा वर्षांत फोन हातोहाती पोहोचला. घरी संगणक आणि तारेवरचे इंटरनेट हा टप्पा बहुतेकांनी पाहिलाच नाही. त्यांचे पहिले इंटरनेट मोबाइलवरचेच. २० कोटींहून अधिक लोकसंख्या, त्यात तरुणांचे मोठे प्रमाण आणि लागोससारखे महानगर पाहून गुंतवणूकदारांची नजर इकडे वळली नसती तरच नवल.

२०१२ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी लागोसमध्ये दोन कंपन्या उभ्या राहिल्या. पहिली ‘जुमिया’, जिच्यामागे जर्मनीच्या ‘रॉकेट इंटरनेट’चा पैसा होता. दुसरी ‘कोंगा’. नायजेरियन उद्योजक सिम शगाया यांनी ती स्थापन केली आणि तिच्यात स्वीडनची ‘किनेविक’ व दक्षिण आफ्रिकेची ‘नॅस्पर्स’ यांनी पैसा ओतला. ही नावे आपल्याला परकी नाहीत. आपल्याकडे ‘जबाँग’मागे हीच ‘रॉकेट इंटरनेट’ होती आणि ‘फ्लिपकार्ट’मध्ये हीच ‘नॅस्पर्स’. म्हणजे एकाच थैलीतला पैसा एकाच सुमारास भारतात आणि नायजेरियात पेरला जात होता. पीक मात्र वेगवेगळे आले. २०१८ मध्ये ‘फ्लिपकार्ट’मधील हिस्सा ‘वॉलमार्ट’ला विकून ‘नॅस्पर्स’ने सुमारे २२० कोटी डॉलर मिळवले. त्याच वर्षी ‘कोंगा’ ‘झिनॉक्स’ या नायजेरियन समूहाने विकत घेतली.

ऑर्डर दिल्यानंतर नेमके काय घडते?

पडद्यावर सारे आपल्यासारखेच दिसते. वस्तू निवडा, पत्ता लिहा, बटण दाबा. फरक सुरू होतो तो त्यानंतर. ‘जुमिया’ने सुरुवातीला स्वतः माल घेऊन विकला. नंतर ती प्रामुख्याने इतर विक्रेत्यांना जागा देणारा बाजार बनली. या विक्रेत्यांपैकी अनेकांचे मूळ दुकान लागोसच्या इकेजा भागातील ‘कॉम्प्युटर व्हिलेज’सारख्या गजबजलेल्या बाजारात. ऑर्डर आली की विक्रेता माल कंपनीच्या केंद्रावर नेऊन देतो, तिथे वर्गवारी होते आणि मग तो वाहतूकदाराच्या हाती जातो.

पुढचा प्रश्न पत्त्याचा. कित्येक वस्त्यांत रस्त्याला नाव नाही, घराला क्रमांक नाही. ‘चर्चच्या मागे, पाण्याच्या टाकीसमोर, निळे फाटक’ हाच पत्ता. त्यामुळे पार्सल घेऊन निघालेल्या दुचाकीस्वाराचे खरे साधन नकाशा नसून फोन असतो. तो ग्राहकाला दोन-तीनदा फोन करतो, खुणा विचारतो, लागोसच्या वाहतूक कोंडीतून वाट काढतो. ग्राहकाने फोन उचलला नाही की फेरी वाया. आपल्याकडे डिलिव्हरीवाल्याला ‘मारुतीच्या देवळाशी या, मी खाली येतो’ असे सांगणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

‘आधी माल, मग पैसे’ ही अट का?

याचे कारण तंत्रज्ञानात नाही, स्वभावातही नाही, अनुभवात आहे. फोनच्या खोक्यात साबणाची वडी निघणे, महागड्या पोशाखाचे छायाचित्र पाहून मागवल्यावर भलतेच काही येणे, हे तिथे इतके नेहमीचे की ‘मागवले काय आणि आले काय’ हा समाजमाध्यमांवरील विनोदाचा कायमचा विषय झाला आहे. साहजिकच ग्राहक म्हणाला, आधी दाखवा, मग पैसे घ्या. भारतात ‘फ्लिपकार्ट’ने २०१० मध्ये हीच सोय सुरू केली आणि तिच्यामुळेच आपल्या छोट्या शहरांत ऑनलाइन खरेदी रुजली. लागोसमध्येही तसेच झाले.

पण या सोयीचा खर्च मोठा असतो. ग्राहकाने दारातच माल नाकारला तर जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे कंपनीच्या माथी. रोख रक्कम गोळा करणे, मोजणे, जमा करणे हा आणखी एक उद्योग. आणि रोख रक्कम व महागडा माल बाळगणारा माणूस चोरांच्या नजरेत असतो. २०१७ मध्ये पोर्ट हारकोर्ट शहरात, माल मिळाल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर मागवलेले फोन पोहोचवायला गेलेल्या एका डिलिव्हरी कर्मचाऱ्याचा खून झाला. ग्राहकाचा धोका कमी करणारी व्यवस्था तो धोका नाहीसा करत नाही. ती तो साखळीतल्या सर्वात दुबळ्या माणसाच्या खांद्यावर ठेवते. ऑनलाइन बाजाराच्या यशोगाथांत हे वाक्य सहसा सापडत नाही.

पैसे पोहोचवण्याचा प्रश्न सुटला कसा?

इथे मात्र नायजेरियाने स्वतःची वाट काढली. बँकांची सामाईक संस्था ‘निब्स’ने २०११ मध्येच एका बँकेतून दुसऱ्या बँकेत तत्काळ पैसे पाठवण्याची यंत्रणा सुरू केली. आपल्या ‘आयएमपीएस’च्या मागोमागच, आणि ‘यूपीआय’च्या पाच वर्षे आधी. साध्या फोनवरून तारांकित आकडे दाबून पैसे पाठवण्याची सोय बँकांनी दिली. २०१५ मध्ये ‘पेस्टॅक’ आणि २०१६ मध्ये ‘फ्लटरवेव्ह’ या कंपन्या आल्या व छोट्या विक्रेत्यालाही ऑनलाइन पैसे स्वीकारणे सोपे झाले. २०२० मध्ये अमेरिकेच्या ‘स्ट्राइप’ने ‘पेस्टॅक’ २० कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेतली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. ‘ओपे’, ‘मनीपॉइंट’, ‘पामपे’ यांनी गल्लीबोळांतील एजंटांमार्फत सेवा नेली.

सवय मात्र संकटानेच बदलली. २०२३ च्या सुरुवातीला जुन्या नोटा बदलण्याच्या मोहिमेत देशभर रोकड टंचाई निर्माण झाली. बँकांसमोर रांगा लागल्या, लोक हैराण झाले. २०१६ ची नोटाबंदी अनुभवलेल्या आपल्या वाचकांना ते चित्र डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही. त्या आठवड्यांत भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत अनेकांनी खात्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली. त्याबरोबर फसवणुकीचा नवा प्रकारही फोफावला : पैसे जमा झाल्याचा बनावट संदेश. म्हणून आजही तिथला विक्रेता ‘पैसे पाठवले’ यावर विश्वास ठेवत नाही. खात्यातील शिल्लक तपासल्यावरच माल हातातून सोडतो.

मग कंपन्यांचे गणित कुठे चुकले?

एप्रिल २०१९ मध्ये ‘जुमिया’चे समभाग न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १४.५० डॉलरला आले आणि पहिल्याच दिवशी ७५ टक्क्यांनी वधारले. ‘आफ्रिकेची अ‍ॅमेझॉन’ असे तिचे वर्णन झाले. पण त्याच वेळी दाखल केलेल्या कागदपत्रांनुसार २०१८ अखेर कंपनीचा साचलेला तोटा ८६ कोटी युरोंहून अधिक होता, आणि १४ देशांत मिळून सक्रिय ग्राहक होते केवळ सुमारे ४० लाख. महिन्याभरातच ‘सिट्रॉन रिसर्च’ या अमेरिकी संस्थेने आकडेवारीवर गंभीर आक्षेप घेतले. कंपनीने ते फेटाळले. मात्र काही एजंट व विक्रेत्यांच्या ऑर्डर गैर असल्याचे तिने ऑगस्टमध्ये स्वतःच जाहीर केले. वर्षभराच्या आत समभाग तीन डॉलरच्याही खाली घसरला. कॅमेरून, टांझानिया, रवांडा येथून कंपनीने काढता पाय घेतला.

चूक कशात होती? ‘आधी सर्वत्र पसरा, सवलती वाटा, नफ्याचे नंतर पाहू’ हे सूत्र ज्या देशांत रस्ते, पत्ते, गोदामे आणि वीज आधीपासून आहे तिथले. नायजेरियाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे तिप्पट. तिथे वीजपुरवठ्याचा भरवसा नाही, म्हणून गोदाम डिझेल जनरेटरवर. खासगी कंपनीला वाहतुकीपासून पैशांच्या यंत्रणेपर्यंत सारे स्वतः उभारावे लागले. जे काम सरकारने आणि समाजाने दोन पिढ्यांत करायचे, ते पाच वर्षांत गुंतवणूकदारांच्या पैशाने होईल असा तो हिशेब होता. शिवाय कंपनी नोंदलेली जर्मनीत, मुख्यालय दुबईत, तंत्रज्ञ पोर्तुगालमध्ये. ‘हिला आफ्रिकी कंपनी का म्हणायचे?’ हा प्रश्न तेव्हा आफ्रिकेतच जोरात विचारला गेला आणि तो रास्त होता.

सावरण्यासाठी काय बदलले?

२०२२ च्या अखेरीस ‘जुमिया’ची सूत्रे फ्रान्सिस दुफे यांच्याकडे आली. त्यांनी दुबईतील व्यवस्थापन आफ्रिकेत हलवले, जाहिरातींचा खर्च छाटला, २०२३ च्या अखेरीस तोट्यातील खाद्यपदार्थ सेवा बंद केली आणि पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिका व ट्युनिशियातून माघार घेतली. २०२२ मधील सुमारे २२ कोटी ७० लाख डॉलरचा परिचालन तोटा २०२३ मध्ये सुमारे ७ कोटी ३० लाखांवर आला.

सर्वात बोलका बदल मात्र गावपातळीवरचा आहे. घरोघरी माल नेण्याऐवजी कंपनीने ठिकठिकाणी पार्सल घेण्याची केंद्रे उघडली. अनेकदा ते केंद्र म्हणजे एखाद्याचे आधीपासून चालू असलेले दुकानच. ग्राहक तिथे जातो, पार्सल घेतो. पत्ता शोधण्याचा प्रश्नच मिटतो आणि खर्चही घटतो. जोडीला ‘जे-फोर्स’ नावाचे एजंट. शेजाऱ्याला अ‍ॅप वापरता येत नसेल तर एजंट आपल्या फोनवरून त्याची ऑर्डर नोंदवतो आणि दलाली मिळवतो. शेजारी विश्वास ठेवतो तो कंपनीवर नव्हे, तर ओळखीच्या माणसावर. मोठ्या शहरांबाहेरच्या ऑर्डर आता कंपनीच्या एकूण ऑर्डरच्या निम्म्याहून अधिक आहेत. लहान गावात निवड कमी आणि भाव चढे. तिथे ऑनलाइन बाजार ही चैन नसून गरज असते. ही साधी गोष्ट कळायला दहा वर्षे आणि कोट्यवधी डॉलर लागले.

खरा ऑनलाइन बाजार कुठे भरतो?

कंपन्यांच्या ताळेबंदाबाहेर. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. कपडे, विग, सौंदर्यप्रसाधने, घरगुती खाद्यपदार्थ, आबा शहरात बनलेले बूट विकणारे असंख्य छोटे विक्रेते, त्यांत महिला मोठ्या संख्येने, अशाच पद्धतीने धंदा करतात. छायाचित्र टाकायचे, संदेशातून भाव ठरवायचा, पैसे खात्यावर घ्यायचे आणि मग माल पाठवायचा. जुने विकण्या-घेण्यासाठी ‘जिजी’ आहे. २०१९ मध्ये तिने आपल्यालाही ओळखीच्या ‘ओएलएक्स’चा नायजेरियासह पाच आफ्रिकी देशांतील व्यवसाय घेतला.

परगावी माल पाठवण्याची रीत तर फार पूर्वीची. बसतळावर जाऊन चालकाच्या हाती पार्सल द्यायचे, पलीकडच्या माणसाला बसची माहिती कळवायची. याला तिथे ‘वेबिल’ म्हणतात. आपल्याकडे एसटीने पाठवलेल्या पार्सलांची आठवण व्हावी, अशीच ही व्यवस्था. तिच्या खांद्यावर बसूनच नवा बाजार चालला आहे.

हा बाजार किती नाजूक आहे हे जून २०२१ मध्ये दिसले. सरकारने ट्विटरवर बंदी घातली आणि ती सुमारे सात महिने टिकली. निर्णय राजकीय होता, पण फटका बसला तो तिथे ग्राहक शोधणाऱ्या छोट्या विक्रेत्यांनाही. दुसऱ्या बाजूला परदेशी मंचांची मनमानी. जुलै २०२४ मध्ये नायजेरियाच्या स्पर्धा व ग्राहक संरक्षण आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपच्या माहिती-धोरणावरून ‘मेटा’ला २२ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. एका विकसनशील देशाचा नियामक एवढे धाडस करतो, याची आपल्याकडे पुरेशी दखल घेतली गेली नाही.

घसरता नायरा आणि चिनी मालाचे काय?

जून २०२३ मध्ये सरकारने चलनावरील नियंत्रण सैल केले. तेव्हा एका डॉलरला सुमारे ४६० नायरा पडत. २०२४ च्या सुरुवातीला हा दर १५०० च्या पलीकडे गेला. त्याआधीच मे अखेरीस इंधन अनुदान बंद झाले होते. महागाईने ३० टक्क्यांची पातळी ओलांडली. ऑनलाइन विकला जाणारा बहुतेक माल, म्हणजे फोन, उपकरणे, कपडे, आयातीचा. त्यामुळे एकाच वेळी वस्तू महागली, ती पोहोचवणे महागले आणि ग्राहकाचा खिसा रिकामा झाला.

अशा वेळी नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘टेमू’ नायजेरियात दाखल झाली. चीनच्या कारखान्यातून थेट ग्राहकाच्या हाती, मधला व्यापारी गायब. ग्राहकाला स्वस्त माल मिळतो आणि महागाईत पोळलेल्या कुटुंबाला त्याबद्दल दोष देता येणार नाही. पण लागोसच्या बालोगन बाजारातील घाऊक व्यापारी, त्याच्याकडून माल घेणारी इन्स्टाग्रामवरची विक्रेती आणि आबाचा चर्मकार या तिघांच्याही पोटावर त्याने पाय येतो.

याची किंमत कोण मोजते?

ऑनलाइन बाजाराने नायजेरियात रोजगार दिला हे खरे. पण तो कशा प्रकारचा? पार्सल पोहोचवणारे अनेकजण ऑर्डर देणाऱ्या कंपनीचे नोकर नसतात. मधल्या वाहतूकदाराकडे ते काम करतात. पावसाळ्यात बुडालेला रस्ता, अपघात, लूट, पोलिसांचा ससेमिरा हे सारे त्यांच्या वाट्याला. फेब्रुवारी २०२० मध्ये लागोस सरकारने शहराच्या मोठ्या भागात ‘ओकाडा’, म्हणजे प्रवासी वाहून नेणाऱ्या दुचाकींवर बंदी आणली आणि ‘गोकाडा’सारख्या कंपन्यांना रातोरात पार्सलच्या धंद्याकडे वळावे लागले. जून २०२२ मध्ये बंदी आणखी कडक झाली. सुरक्षिततेची कारणे खोटी नव्हती; पण हजारो लोकांच्या पोटापाण्याचे साधन काढून घेताना पर्याय काय, याचे उत्तर सरकारकडे नव्हते.

यातून धडा कोणता?

एक म्हणजे, ऑनलाइन बाजार अ‍ॅपने उभा राहत नाही. रस्ता, पत्ता, वीज, स्थिर चलन आणि फसवणूक झाल्यास दाद मागण्याची जागा या पाच गोष्टींवर तो उभा राहतो. यातली एकही गोष्ट गुंतवणूकदार देऊ शकत नाही. नायजेरियाकडे २०१८ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, दंड ठोठावणारा आयोग आहे. मात्र इन्स्टाग्रामवरून घेतलेला फाटका पोशाख परत करण्यासाठी सामान्य ग्राहकाने आयोगापर्यंत जावे, अशी अपेक्षा कोणी धरत नाही. ‘मेटा’ला नमवणाऱ्या यंत्रणेने आता पाच-दहा हजार नायरांच्या तक्रारीचा निवाडा चार दिवसांत करून दाखवायला हवा. बाजार त्यानेच वाढेल.

दुसरे म्हणजे, जुना बाजार हा नव्याचा शत्रू नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार, बसचालक, शेजारचा एजंट यांना बाजूला सारणाऱ्या योजना फसल्या. त्यांना सोबत घेणाऱ्या तग धरून आहेत. पण सोबत घेणे म्हणजे केवळ वापरून घेणे नव्हे. दलालीचे दर एकतर्फी बदलणार नाहीत आणि अपघात झाला तर दुचाकीस्वाराच्या घरच्यांना काहीतरी मिळेल, याची हमी कायद्यानेच द्यायला हवी.

तिसरी बाब आपल्याशीही संबंधित आहे. भारतात ‘यूपीआय’ आहे, पक्के रस्ते वाढले आहेत, बाजार कितीतरी मोठा आहे. पण दारातला डिलिव्हरी कामगार कोणाचा कर्मचारी, गल्लीतल्या किराणा दुकानाने टिकायचे कसे आणि स्वस्त मालाची खरी किंमत कोण मोजतो, हे प्रश्न पुण्यात आणि लागोसमध्ये एकाच भाषेत विचारता येतात. नायजेरियाने ते अधिक खडतर परिस्थितीत आणि अधिक उघडपणे आपल्यासमोर मांडले आहेत. तिथल्या ग्राहकाने, विक्रेतीने आणि दुचाकीस्वाराने एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकून हा बाजार टिकवला. आता त्या तिघांनी व्यवस्थेवर विश्वास ठेवावा असे काही करून दाखवण्याची पाळी सरकारची आणि कंपन्यांची आहे.